पांढऱ्या तंबूतले आभार

सक्सारी हल्ली माझ्या दारात आला तरी गाडीचं इंजिन बंद करत नाही. काच खाली करतो, "बरी आहेस ना, आई?" म्हणून विचारतो आणि मी "नाही" म्हणायच्या आत गियर टाकतो. माझ्या अंगणात इंजिन चालू ठेवायचा हक्क फक्त घर तापवायच्या तेलाच्या टँकरला आहे, आणि तो टँकरवालासुद्धा लाजून दोन शब्द बोलून जातो. हा मात्र बसतो तसाच, एक पाय ब्रेकवर, डोळे आरशात. माझ्या घराशी येऊन कुणी पाठीमागची वाट बघत राहिलं की मला कळतं, पोटात काहीतरी आहे.

सक्सारी माझ्या बहिणीचा, आन्येसचा मुलगा. आम्हां मोहॉकांत मावशीला मावशी म्हणत नाहीत, आईच म्हणतात. त्यामुळं आन्येस गेली तेव्हा त्याला नवी आई शोधावी लागली नाही, एक होतीच. मी त्याला वाढवला, मी त्याला झोडला, आणि आधीचा प्रमुख, म्हातारा सोझे गेल्यावर कासव कुळाच्या बायकांना बसवून मीच म्हटलं की आता शिंगं याच्या डोक्यावर. आमच्याकडं प्रमुख निवडणं हे पुरुषांचं काम नाही. कुळाची आई निवडते, हरणाच्या शिंगांची टोपी त्याला घालते, आणि तो वाकडा चालला तर तीच उतरवते. त्याआधी समज द्यावी लागते. पहिल्यांदा आई एकटी देते. दुसऱ्यांदा कुळाच्या बायका बरोबर असतात. तिसऱ्यांदा कुळातला पुरुष बोलतो. त्यानंतर समज देत नाहीत.

निवडला तो आवाजासाठी. आमची कुठलीही बैठक 'सगळ्याआधीचे शब्द' म्हटल्याशिवाय सुरू होत नाही. माणसांचे आभार, मातीचे आभार, पाण्याचे, माशांचे, मक्याचे, असं करत वर चांदण्यांपर्यंत जायचं. प्रत्येक आभारानंतर बोलणारा म्हणतो, "आता आपली मनं एक झाली," आणि बसलेले सगळे म्हणतात, "थो." म्हणजे, असंच. दुसरं कुणी म्हणायला लागलं की पोरं चुळबुळतात आणि म्हातारे घोरतात. सक्सारी म्हणायला लागला की लांबघराच्या, म्हणजे आमच्या बैठकीच्या घराच्या, दाराशी कुत्री येऊन बसत. असा आवाज कुळात एखाद्यालाच मिळतो. तो मी वाया जाऊ देणार नव्हते.

एका कंपनीला पाइनच्या रानापलीकडं, सफरचंदांच्या बागांच्या डोक्यावर खाण हवी आहे. कसलासा धातू, चिमूटभर घातला की पोलाद हलकं आणि चिवट होतं म्हणे. होत असेल. पण तो ज्या खडकात आहे त्याच खडकातून आमच्या विहिरींना पाणी येतं, आणि त्या खडकात आणखी जे विष झोपलंय ते उठवू नये असं कंपनीबाहेरचे शिकलेले लोकच सांगतात. लांबघरात आमची तिन्ही कुळं बसली, बोलली, नाही म्हणाली. ते 'नाही' सक्सारीच्याच तोंडून बाहेर गेलं. मला वाटलं, झालं, आता मक्याकडं बघावं.

पण मन लागेना. कणसांच्या साली मागं ओढून त्यांच्या वेण्या घालायच्या आणि आढ्याला टांगायच्या, हे काम माझे हात झोपेत करतील. त्या आठवड्यात तीन वेण्या सुटून जमिनीवर पडल्या. वारा सारखा सरोवराकडून येत होता. बागांच्या रस्त्यावर ट्रक वाजला की मी उठून खिडकीशी जायचे, आणि ती कुणाची तरी सफरचंदं असायची.

अशीच एकदा खिडकीतून परत बसत होते तेव्हा माझी लेक कावेनी आत आली आणि फोन माझ्या नाकासमोर धरला.

"हे बघ."

"चष्मा दे."

"चष्मा नको. ऐक नुसतं."

आवाज ओळखायला मला खरंच चष्मा लागत नाही. तरी मी तो घातला. पांढरा तंबू होता. खुर्च्यांच्या रांगा, टेबलावर नारिंगी हेल्मेटं मांडलेली, जशी आम्ही भोपळे मांडतो. आणि मधोमध सक्सारी, डोक्यावर शिंगं, अंगात मी शिवलेला फितींचा सदरा. तो शब्द म्हणत होता. अर्धेमुर्धे नाहीत, सगळे. पाण्यापाशी तर त्यानं आवाज असा खाली नेला की माझ्याच अंगावर काटा आला. मग म्हणाला, "आता आपली मनं एक झाली," आणि ते सगळे कंपनीवाले एका सुरात ओरडले, "थो!"

"छान म्हणतायत," कावेनी म्हणाली. "आपल्या पोरांपेक्षा स्पष्ट. कुणीतरी शिकवलंय."

"बंद कर ते."

"खाली काय लिहिलंय वाचू?"

"नको."

तरी वाचलं. माझीच लेक. "'मोहॉक प्रमुखांनी आपल्या परंपरेनुसार आमच्या कामाचा आरंभ करून दिला.'"

हातातली वेणी पूर्ण केली, गाठ मारली, टांगली. पुढच्या खेपेला सक्सारीची गाडी दारात घुरघुरायला लागली तशी मी बाहेर गेले, उघड्या काचेतून हात घातला आणि किल्ली काढून घेतली. अंगणात एकदम शांत झालं.

"उतर."

"आई, मला खरंच उशीर होतोय."

"होऊ दे. उतर."

स्वयंपाकघरात त्याला कणसांच्या ढिगाशी बसवला. रिकाम्या हातांचा माणूस नीट ऐकत नाही. त्यानं दोन कणसं सोलली आणि मग स्वतःच म्हणाला, "कावेनीनं दाखवलं असेल."

"सगळ्या गावानं बघितलं. तू मला सांग, तिथं गेलास कशाला?"

"त्यांनी बोलावलं. मी म्हटलं, चर्चा करणार नाही, सही करणार नाही. फक्त आभार मानीन. आई, त्यांना माहीतच नाही ते काय खोदायला निघालेत. पाण्याबद्दल कुणी असं बोलतं हे त्यांनी जन्मात ऐकलं नव्हतं. एक बाई रडली."

"रडून मग खाण रद्द केली का तिनं?"

त्यानं पुढचं कणीस उचललं.

"आपल्यात ते शब्द कधी म्हणतात?"

"बैठकीच्या आधी."

"आणि म्हटल्यावर त्या जागेचं काय होतं?"

त्याला उत्तर ठाऊक होतं. सोझेच्या मांडीवर बसून शिकलेला तो. सालीचा धागा बोटाला गुंडाळत म्हणाला, "बैठक होते."

"ज्यांची मनं एक आहेत त्यांची बैठक होते. म्हणजे त्या तंबूचं तू लांबघर केलंस, टोणग्या. त्यांचं दार आपल्या किल्लीनं उघडून दिलंस. आणि वर 'थो' म्हणायलाही शिकवलंस."

"आभार म्हणजे परवानगी नव्हे!"

"मला माहीत आहे. तुला माहीत आहे. त्यांना?"

"मग काय, पाण्याचे आभार फक्त आपल्या माणसांपुढंच मानायचे? पाणी काय फक्त आपलंच आहे?"

बोलायला हुशार आहे. म्हणूनच निवडला होता. मी म्हटलं, "ही पहिली समज. कुळाची आई म्हणून देतेय, कणीस खाली ठेव आणि ऐक. पुन्हा त्यांच्यासाठी तोंड उघडायचं नाही." त्यानं कणीस खाली ठेवलं, मान हलवली, किल्ली घेतली आणि गेला. इतक्या पटकन ऐकलेलं मला आवडलं नाही.

नंतर कंपनीची बाई आली. जोस्लीन नाव. गोरी, उंच, चिखलात नवेकोरे बूट घालून आलेली. दारातच हसली आणि दोन्ही हातांत धरून लाल फडक्याची पुरचुंडी पुढं केली. त्यात तंबाखू होती. कुणीतरी तिला शिकवलं होतं की मोहॉक माणसाकडं मागणं घेऊन जायचं तर तंबाखू न्यावी. बरोबर शिकवलं होतं. एवढंच सांगितलं नव्हतं की तंबाखू घेतली तर मागणंही घेतलं असं होतं, आणि म्हणून घेणारा आधी मागणं ऐकतो.

"काय हवंय?" मी विचारलं. हात पाठीमागं.

"काही नाही, फक्त आदर व्यक्त करायला आले. पुढच्या आठवड्यात आमचं यंत्र येईल. एकच भोक पाडायचं आहे, तपासणीसाठी. तुमच्याकडून कुणाला त्रास होऊ नये म्हणून म्हटलं, आधी मोठ्यांना भेटावं."

"आमच्याकडून त्रास तुम्हांला, होय?"

"तसं नाही हो, मॅडम. उलट आपली मनं एकच आहेत ना. तुमच्या प्रमुखांनीच सांगितलं. आमच्या सभेत एकदा नाही, कितीतरी वेळा सांगितलं."

बाई खोटं बोलत नव्हती. हेच तर वाईट होतं. तिनं जे ऐकलं तेच ती सांगत होती, आणि इतक्या खुशीत सांगत होती की मला तिची दया यायला लागली. तिचे हात अजून पुढंच. पुरचुंडी जड नसते, पण तशी धरून उभं राहिलं की खांदे भरून येतात. मी बघत राहिले.

"घ्या ना," ती म्हणाली. "काही चुकलं का माझं? प्रमुखांनी तर घेतली होती."

"काय म्हणालीस?"

"तंबाखू. प्रमुखांनी घेतली. त्याच दिवशी, तंबूत."

मी दार लावून घेतलं. नंतर कावेनी सांगत होती, बाई बराच वेळ पायरीवर उभी होती, मग पुरचुंडी परत पिशवीत घालून गेली. तेवढी अक्कल तिला होती.

दुसऱ्या समजेसाठी मी कुळाच्या बायकांना लांबघरात बोलावलं. शेगडी पेटवली. सेसीर सगळ्यांत म्हातारी, कानानं कमी आणि जिभेनं जास्त. ती सक्सारीच्या समोर खुर्ची ओढून बसली.

"तंबाखू घेतलीस?"

"घेतली," तो म्हणाला. "त्या बाईनं सगळ्यांसमोर दिली. नाही म्हटलं असतं तर अपमान झाला असता."

"कुणाचा?" सेसीर म्हणाली.

"आजी, ती पाहुणी..."

"पाहुणी ती की तू? तंबू कुणाचा होता?"

मी विचारलं, "मग ती तंबाखू जाळलीस? कुठल्या शब्दांनी?" तंबाखू विस्तवात टाकली की धुराबरोबर आपलं म्हणणं वर जातं. निदान ते तरी केलं असेल, घेतलेलं मागणं धुरातून नाकारलं असेल, अशी मला अजून आशा होती.

तो शेगडीतलं लाकूड सारखं करायला लागला.

"अरे, काय केलंस तिचं?"

"ओढली."

"काय केलं म्हणतोय?" सेसीरनं कानाशी हात नेला.

"ओढली म्हणतोय!" कावेनी तिच्या कानात ओरडली. "सिगरेट वळून! गाडीत बसून!"

मागच्या बाकावर कुणीतरी फिस्सकन हसलं, आणि मग सगळ्याच हसल्या. सेसीरला तर ठसका लागला. सक्सारीही हसायला लागला. हसणं ओसरलं तेव्हा सगळ्यांच्या लक्षात आलं. कंपनीचं मागणं आमच्या प्रमुखानं घेतलं, आणि ते कुठंच न पोचवता छातीत भरून घेतलं.

"का जातोस त्यांच्याकडं?" मी विचारलं. "खरं सांग. पोटात काय आहे?"

तेव्हा तो बोलला. त्या उन्हाळ्यात, पाइनचं रान तोडू नये म्हणून आम्ही रस्ता अडवला आणि सैन्य आलं, तेव्हा तो लहान होता. आन्येस त्याला तळघरात घेऊन बसायची आणि वरून हेलिकॉप्टर गेलं की फळीवरच्या बरण्या वाजायच्या. "तुम्ही सगळ्या त्या उन्हाळ्याबद्दल बोलता तेव्हा छाती फुगवून बोलता," तो म्हणाला. "मला नुसत्या बरण्या ऐकू येतात. पुन्हा कुणी रस्त्यात उभं राहिलेलं मला नको आहे. बोलून होत असेल तर मी बोलेन. त्यांच्या तंबूत, त्यांच्या ट्रकवर, कुठंही बोलेन."

खोटं नव्हतंच ते. मलाही त्या बरण्या आठवतात.

मग मी म्हटलं, "घाबरलास याचं मला काही नाही. पण भीती तुझी, आणि शब्द सगळ्यांचे. ही दुसरी समज, या बायकांसमोर. यंत्र येईल त्या दिवशी रस्त्यावर ये आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं सांग, की तंबूत बोललास ते कुळाच्या नावानं नव्हतं."

"येतो," तो म्हणाला.

आला. पण कसा आला ते बघा.

बागांच्या रस्त्यावर आम्ही पहाटेपासून होतो. खुर्च्या, घोंगड्या, मक्याच्या सूपचं भांडं, कुणाची तान्ही पोरं. माझा धाकटा भाऊ आतोन्वा आडव्या लावलेल्या ट्रॅक्टरवर बसून सफरचंद खात होता. तोच कुळाच्या वतीनं बोलणारा पुरुष, आणि बोलायची वेळ येईपर्यंत तो फक्त खातो. मी खुर्चीत बसू शकले नाही. इकडून तिकडं, तिकडून इकडं. कावेनी म्हणाली, "आई, रस्ता झिजवशील." मी म्हटलं, "झिजला तर ट्रक तरी अडकेल."

यंत्राचा ट्रक वळणावर आला आणि थांबला. वर लोखंडी मनोरा आडवा बांधलेला, पुढं मागं पोलिसांच्या गाड्या. त्यामागून आणखी एक गाडी आली आणि तिच्यातून जोस्लीनबाई उतरली. दुसऱ्या दारानं सक्सारी. डोक्यावर शिंगं, अंगात तोच सदरा.

"ऐका," तो आमच्याकडं येत म्हणाला. "मी बोललोय. भोक ओढ्याच्या पलीकडं पाडणार आहेत, विहिरींपासून लांब. एकच. पोलीस माघारी जातील. कुणालाही हात लागणार नाही. फक्त वाट द्या."

"आणि तंबूबद्दल काय सांगणार होतास?" मी म्हटलं.

त्यानं माझ्याकडं बघितलं नाही. ट्रक आणि आमच्यामध्ये जी मोकळी जागा होती तिथं जाऊन उभा राहिला, डोळे मिटले आणि सुरुवात केली. "आज आपण सगळे इथं जमलो आहोत. आपल्याला श्वास दिला आहे, एकमेकांचे चेहरे दिसत आहेत..."

आता हे शब्द सुरू झाल्यावर मध्ये बोलायचं नसतं. हे आम्हांला कुणी शिकवलेलं नाही, आईच्या दुधातून आलेलं आहे. आतोन्वानं सफरचंद खाली ठेवलं. पुरुषांनी टोप्या काढल्या. पोरं गप्प झाली. ट्रकवाल्यानंसुद्धा इंजिन बंद केलं. आणि आवाज तसाच होता, आन्येसचा, सोझेचा, सगळ्यांचा. वाऱ्यावरून बागेच्या टोकापर्यंत जात होता. मी तिथं उभी राहून बघत होते आणि मला कळत होतं की हा आता आमच्याच शब्दांनी आम्हांला बाजूला सरकवणार. मारून नाही, ढकलून नाही. आभार मानून.

"आता आपली मनं एक झाली," तो म्हणाला.

पलीकडून जोस्लीनबाई आणि तिची माणसं म्हणाली, "थो."

आणि आमच्याकडून, जुन्या सवयीनं, सेसीर म्हणाली, "थो." तिच्या मागून आणखी दोघीतिघी. माझेही ओठ हलले. जीभ मी दातांत धरली. सेसीरनं तोंडावर हात ठेवला आणि माझ्याकडं असं बघितलं, जसं काही हातातून तान्हं पोर निसटलं.

मी आतोन्वाकडं बघितलं. तो ट्रॅक्टरवरून उतरला, रस्त्याच्या मधोमध आला. त्याच्या उभ्या आयुष्यात त्यानं ते शब्द कधी तोडले नव्हते; तोंड पांढरं पडलं होतं.

"सक्सारी," तो म्हणाला, "मामा म्हणून नाही, कुळाचा माणूस म्हणून सांगतो. ही तिसरी समज. थांब. इथंच थांब, पोरा."

सक्सारीनं डोळे उघडले. ट्रककडं बघितलं, पोलिसांकडं बघितलं, मग माझ्याकडं. क्षणभर मला वाटलं, थांबला. वर झाडांतून वारा गेला, बरण्यांसारखं काहीतरी कुणाच्या तरी गाडीत किणकिणलं, आणि त्यानं डोळे पुन्हा मिटून घेतले.

"आता आपण पाण्याकडं मन वळवू," तो म्हणाला. "सगळ्या पाण्यांना..."

मी पुढं गेले. चालताना मला आतोन्वाचा हात पाठीशी लागला, कावेनीचाही असेल. सक्सारीच्या समोर उभी राहिले, एवढ्या जवळ की त्याला पुढचा शब्द माझ्या तोंडावरच बोलावा लागला असता. आणि मी मोठ्यानं बोलले, ट्रकवाल्याला, पोलिसांना आणि त्या बाईलाही ऐकू जावं म्हणून.

"सक्सारी, मी तुझी आई बोलतेय, आणि कासव कुळाची आई बोलतेय. तुझी शिंगं मी घातली होती, ती मी काढली. तुझं प्रमुखाचं नाव कुळाकडं परत आलं. या क्षणापासून तू जे बोलशील ते तुझ्या एकट्याचं. इथं कुणाचं मन त्यात नाही आणि कुणी 'थो' म्हणणार नाही. पाण्याचे आभार मानायचे तर मान, ते कुणालाही मानता येतात. भीती वाटत असेल तर घरी जा, तुला कुणी हसणार नाही, हसणाऱ्याची जीभ मी ओढीन. आणि भीती वाटत असतानाही राहायचं असेल, तर तिकडं सेसीरच्या बाजूला जागा आहे. पण उभा राहा नुसता. बोलू नकोस."